स्वहस्ते जुळविलेली मापनयंत्रे

ज्या यंत्राने इतर यंत्रांची परीक्षा करावयाची, त्या यंत्राचीच परीक्षा कोणी आणि कशी करावी, हा प्रश्न मोजमापाच्या विद्येइतकाच जुना आहे. राज्यसंस्थांनी प्रमाणित वजनेमापे सरकारी दप्तरांत जपून ठेवली, विद्यापीठांनी प्रयोगशाळा उभारल्या, मोठ्या कारखान्यांनी पदरी तज्ज्ञ बाळगले आणि आपापल्या परीने या प्रश्नाचे उत्तर दिले. परंतु ज्याच्याजवळ राज्य नाही, प्रयोगशाळा नाही, आणि महागडे यंत्र विकत घेण्याइतका पैसाही नाही, अशा सामान्य कारागिराने, म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने, शाळेत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाने किंवा घराच्या माळ्यावर बसून रात्री प्रयोग करणाऱ्या हौशी माणसाने काय करावे, याचे समाधानकारक उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीपर्यंत कोणाजवळच नव्हते. ते उत्तर 1947 साली अमेरिकेत, मिशिगन सरोवराच्या काठच्या बेंटन हार्बर नावाच्या लहानशा गावी सापडले. आणि नवलाची गोष्ट ही की, ज्या कंपनीने ते शोधून काढले तिचा जन्म विद्युत्शास्त्राच्या नव्हे, तर विमानांच्या धंद्यात झाला होता.

एडवर्ड हीथ या नावाच्या वैमानिकाने शिकागो येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विमाने आणि त्यांचे सुटे भाग विकण्याचा व्यवसाय मांडला होता. 1926 च्या सुमारास त्याने ‘हीथ पॅरासोल’ नावाचे एक चिमुकले, एका माणसाचे विमान सिद्ध केले. मोटारसायकलच्या इंजिनात फेरफार करून त्यावर ते चालत असे, आणि ज्याला तयार विमान परवडत नाही त्याने लाकूड, कापड, तारा व नकाशे असा संच मागवून ते आपल्या कोठारात स्वतःच्या हातांनी बांधावे, अशी त्याची योजना होती. 1931 साली एका नव्या विमानाची चाचणी घेत असता हीथ अपघातात मरण पावला, धंदा बसला, आणि 1935 साली हॉवर्ड अँथनी नावाच्या दुसऱ्या विमानवेड्या तरुणाने त्याचे बुडीत दुकान विकत घेऊन पुढे बेंटन हार्बरला हलविले. हीथचे नाव कंपनीला राहिले ते राहिलेच. पण मला वाटते, नावापेक्षा मोलाचा असा एक वारसाही अँथनीला त्या खरेदीत मिळाला, तो म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातांवर विश्वास ठेवण्याचा. जो मनुष्य अनोळखी शेतकऱ्याला विमान बांधायला देतो, आणि त्या विमानात त्याने स्वतः बसावे अशी अपेक्षा करतो, त्याच्या धंद्याचा पाया कोणत्या गृहीतावर उभा आहे हे निराळे सांगावयास नको.

युद्ध संपले तेव्हा अमेरिकन सैन्याच्या गुदामांत रडार, बिनतारी संदेशयंत्रे आणि त्यांचे सुटे भाग यांचे डोंगर पडून होते, आणि सरकारने तो माल मिळेल त्या किमतीस विकावयास काढला होता. अँथनीने जो माल घेतला, त्यात हिरव्या प्रकाशाच्या पाच इंची ‘5बीपी1’ या कॅथोड-किरण नळ्या होत्या. ऑसिलोस्कोपचा, म्हणजे विजेच्या तरंगाचे चित्र पडद्यावर दाखविणाऱ्या यंत्राचा, सर्वांत महाग अवयव ही नळीच. ती जर कवडीमोलाने हाती आली, पत्र्याची पेटी आणि ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च बेताचा राहिला, आणि जुळणीची सारी मेहनत गिऱ्हाइकाने आपल्या अंगावर घेतली, तर ऑसिलोस्कोप सामान्य माणसाच्या आवाक्यात येईल, असा त्याचा हिशेब होता. 1947 साली ‘ओ-1’ या नावाने तो संच साडेएकोणचाळीस डॉलरना विक्रीस आला. त्याच सुमारास ऑरेगन राज्यातील टेक्ट्रॉनिक्स या नव्या कंपनीने आपला ‘511’ हा ऑसिलोस्कोप बाजारात आणला होता. त्याची किंमत सातशे पंचाण्णव डॉलर. ही तुलना अर्थातच समबलांची नव्हे. टेक्ट्रॉनिक्सचे यंत्र कितीतरी शीघ्र तरंग स्वच्छ दाखवीत असे, आणि तरंगाच्या ठराविक बिंदूपासूनच रेषा सुरू करण्याची जी सोय त्यात होती, तिच्यामुळे क्षणमात्र टिकणारा स्पंदही पडद्यावर स्थिर उभा राही. हीथच्या यंत्रात ती सोय नव्हती, आणि पडद्यावरचे चित्र खुंट्या फिरवून कसेबसे स्थिर करावे लागे. पण ज्याला सातशे पंचाण्णव डॉलर आयुष्यात एकरकमी दिसण्याची शक्यता नव्हती, त्याच्या दृष्टीने खरी तुलना या दोन यंत्रांची नव्हतीच. ती ऑसिलोस्कोप असणे आणि नसणे या दोन अवस्थांची होती.

काळही या उपक्रमास अनुकूल होता. युद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण घेण्याची सवलत 1944 च्या कायद्याने मिळाली होती, आणि त्यांतील असंख्यांनी रेडिओ व दूरचित्रवाणी यांच्या दुरुस्तीची विद्या पत्करली. 1950 साली अमेरिकेतील दहा घरांतील एकातही जो दूरचित्रवाणी संच नव्हता, तो 1955 पर्यंत जवळजवळ दोन-तृतीयांश घरांत पोहोचला. रेडिओ केवळ कान लावून दुरुस्त करता येत असे. दूरचित्रवाणीच्या संचातील तरंगांचे आकार डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्यांतील दोष सापडणे दुरापास्त. अशा रीतीने नव्या धंद्यात नुकत्याच शिरलेल्या, हाती भांडवल नसलेल्या हजारो दुरुस्तीवाल्यांना एकाच वेळी ऑसिलोस्कोप, व्हॉल्व्ह व्होल्टमीटर आणि तरंगजनक यंत्र या तिन्हींची गरज लागली. ती भागविण्यास हीथबरोबर ब्रुकलिनची आयको आणि शिकागोच्या अलाइड रेडिओची ‘नाइट-किट’ ही नावेही पुढे सरसावली.

संचाने वाचणाऱ्या पैशाविषयी फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्या काळी प्रत्येक रेझिस्टर, प्रत्येक कंडेन्सर हाताने तारेला गुंफून डाख द्यावा लागे. साहजिकच तयार यंत्राच्या किमतीत मजुरीचा वाटा मोठा असे, आणि तो वाटा गिऱ्हाइकाने आपल्या संध्याकाळच्या फुरसतीतून भरला की किंमत निम्म्यावर येई. शिवाय माल टपालाने थेट घरी जात असल्याने दुकानदाराची दलाली वाचे. एवढे झाले हिशेबाचे. पण माझे मत असे आहे की पैसा हा या पद्धतीचा सर्वांत उथळ लाभ होता, आणि ज्यांनी तो एकच पाहिला त्यांनी संचातील अर्धे साहित्य पेटीतच राहू दिले.

खरा लाभ कोणता हे पाहावयाचे तर हीथचा ‘व्ही-7’ हा व्हॉल्व्ह व्होल्टमीटर उदाहरणादाखल घ्यावा. साधा व्होल्टमीटर विजेचा दाब मोजताना त्या मंडलातूनच थोडा प्रवाह ओढून घेतो. ज्या मंडलाचा अंतर्गत रोध थोडा, तेथे या ओढण्याने काही बिघडत नाही, पण व्हॉल्व्हच्या ग्रिडसारख्या, जेथे रोध दहा लाख ओहमपर्यंत जातो, अशा जागी मोजमाप करणाऱ्यानेच मोजावयाची वस्तू बदलून टाकल्यासारखे होते. दर व्होल्टामागे हजार ओहम असा जो स्वस्त मीटर असे, तो दहा व्होल्टांच्या पट्टीवर दहा हजार ओहमचा होई, आणि अशा ग्रिडवर लावला की खऱ्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग दाखवी. मीटर ठीक, तारा ठीक, वाचन मात्र निव्वळ खोटे. व्हॉल्व्ह व्होल्टमीटरचा रोध एक कोटी दहा लाख ओहम असे, म्हणून तो त्याच ठिकाणी खऱ्या दाबाच्या बारा भागांपैकी अकरा दाखवी. हे गणित पुस्तकातही वाचावयास मिळते. परंतु ज्याने मोजणीच्या कांडीच्या टोकात दहा लाख ओहमचा रेझिस्टर स्वतः बसविला, आणि पेटीतील विभाजक साखळीचे एक टक्का अचूकतेचे रेझिस्टर एकामागून एक स्वतः डाखले, त्याला उरलेला बारावा भाग कोठे गेला हे कोणी सांगावे लागत नसे. त्याला आपल्या यंत्राचे खोटेपणही मापून ठाऊक असे. आणि मोजमापाच्या विद्येत यंत्राचा खरेपणा जाणण्याहून त्याच्या चुकीची मर्यादा जाणणे अधिक मोलाचे, हे या धंद्यातील कोणीही जाणता मनुष्य मान्य करील.

याच यंत्रातील जुळ्या व्हॉल्व्हची रचनाही अशीच बोधप्रद आहे. एका काचेच्या कुपीतील दोन समान ट्रायोड तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे समोरासमोर ठेवलेले असत. घरातील विजेचा दाब वरखाली झाला किंवा व्हॉल्व्ह तापला, तर दोन्हींवर सारखाच परिणाम होऊन काटा जागचा हलत नसे, आणि मोजावयाचा दाब एकाच पारड्यात पडला की मात्र तो हले. शिवाय चुकून मोठा दाब लागला तरी व्हॉल्व्हमधून ठराविक मर्यादेपलीकडे प्रवाह जाऊच शकत नसल्याने नाजूक काटा सहसा जळत नसे. जुळणी करणाऱ्याला हे सारे आरंभापासून कळत असेच असे नाही. पण सगळे भाग जागी बसवून यंत्र सुरू केल्यावर काटा शून्यावर येईना, आणि मग पुस्तिकेतील दाबांचा तक्ता समोर घेऊन एकेक बिंदू तपासण्याची पाळी आली, म्हणजे ही रचना त्याच्या बुद्धीत कायमची उतरे.

त्या पुस्तिकांचा उल्लेख आला आहे तर त्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण माझ्या दृष्टीने हीथ कंपनीची सर्वश्रेष्ठ निर्मिती तिची यंत्रे नसून तिची सूचनापुस्तके होत. प्रत्येक कृतीला एक स्वतंत्र वाक्य, प्रत्येक वाक्यापुढे खूण करावयाचा रिकामा कंस, आणि प्रत्येक सांध्यापाशी तो आताच डाखावयाचा की पुढे आणखी तार येईपर्यंत तसाच ठेवावयाचा याचा स्पष्ट निर्देश, अशी त्यांची शिस्त होती. घडी उलगडून भिंतीवर लावता येतील अशी मोठी चित्रे सोबत असत, आणि संच विक्रीस काढण्यापूर्वी कंपनी तो आपल्याच लोकांकडून, केवळ पुस्तिकेच्या आधाराने, जुळवून घेत असे. गिऱ्हाइकाला अपयश येऊ द्यावयाचे नाही हे कंपनीचे ब्रीद होते, आणि बिघडलेले यंत्र परत पाठविल्यास ते दुरुस्त करून देण्याची तजवीजही होती. मात्र एका बाबतीत ती कठोर होती: ज्याने नळकाम करणाऱ्याचा आम्लयुक्त डाख वापरला, त्याचे यंत्र ती हातातही घेत नसे, कारण ते आम्ल तांब्याला आतून खात राहते आणि महिन्या-दोन महिन्यांनी अशा जागी दोष उभा करते की कोणाही दुरुस्तीवाल्याने हात टेकावे. निर्देशलेखन ही एक वाङ्मयशाखा मानावयाची झाली, तर तिच्यातील अव्वल दर्जाचे गद्य या पुस्तिकांत सापडेल, असे मी जबाबदारीने म्हणतो. एकही संदिग्ध वाक्य नाही, एकही अनावश्यक विशेषण नाही, आणि वाचणारा मूर्ख आहे असा सूर तर मुळीच नाही.

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळतो. यंत्र जुळले, पण ते खरे बोलते हे कशावरून? प्रयोगशाळेतील यंत्राबरोबर प्रमाणपत्र येई. संचाबरोबर ते येणे शक्यच नव्हते. हीथने येथे जी युक्ती योजली तिच्यातील साधेपणा मला आजही स्तिमित करतो. व्होल्टमीटर काही तास चालू ठेवून व्हॉल्व्ह मुरू द्यावा, मग विजेरीतला नवा शुष्क घट घ्यावा आणि काटा त्याच्या दाबाशी जुळवावा. नव्या शुष्क घटाचा दाब त्यातील जस्त आणि कार्बन यांच्या रसायनाने ठरलेला, दीड व्होल्टाहून किंचित अधिक असा असतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा घट ही जणू निसर्गाने मोहोर उठवून दिलेली सनदच. दुसरे प्रमाण घरातील भिंतीवरच्या विजेतच उपलब्ध होते. विजेवर चालणारी घड्याळे बिनचूक राहावीत म्हणून वीजकेंद्रे आपल्या प्रवाहाची सेकंदास साठ ही आवर्तने मोठ्या काळजीने सांभाळीत. ती आवर्तने ऑसिलोस्कोपच्या एका अक्षास जोडावी, दुसऱ्या अक्षास नवीन जुळविलेले ध्वनितरंगजनक यंत्र जोडावे, आणि जूल आंतवान लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1857 साली वर्णिलेल्या आकृती पडद्यावर पाहाव्या. वर्तुळ स्थिर उभे राहिले तर साठ, दोन पाळ्यांची आकृती उभी राहिली तर एकशेवीस, तीन पाळ्या तर एकशेऐंशी. याप्रमाणे तबकडीवर एकेक खूण निश्चित करीत जावे. पहिले यंत्र घटावरून प्रमाणित झाले, दुसरे पहिल्यावरून, तिसरे दुसऱ्यावरून, आणि काही वर्षांत माळ्यावरच्या त्या टेबलावर अशी एक यंत्रमालिका उभी राही की तिच्यातील प्रत्येकाच्या सत्यतेची वंशावळ तिचा मालक मुखोद्गत सांगू शके. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयास सांगते; येथे मात्र विश्वासाची प्रत्येक पायरी आपल्या हाताने चढलेली असे.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. कच्चा सांधा ही जुळणीतील कायमची व्याधी. वरून चकाकणारा आणि आतून न चिकटलेला डाख अनेकांना दिवसचे दिवस छळी. स्वस्त संचाला स्वस्ताईच्या मर्यादा असतच, आणि ज्याला अतिशीघ्र स्पंद मोजावयाचे होते त्याने टेक्ट्रॉनिक्सचेच यंत्र घ्यावे, हे योग्यच होते. व्यावसायिक प्रयोगशाळा दुसऱ्या कोणी जुळविलेल्या संचावर भरवसा ठेवीत नसत, आणि तेही तर्कशुद्धच होय. कारण स्वहस्ते जुळविलेल्या यंत्रातील ज्ञान हे यंत्रात नसून जुळविणाऱ्यात असते, आणि यंत्राबरोबर ते विकले जात नाही.

हॉवर्ड अँथनीही हीथप्रमाणेच विमान अपघातात गेला; 1954 साली. पुढल्याच वर्षी कंपनी डेस्ट्रॉम या मोठ्या उद्योगाकडे गेली, 1962 साली डेस्ट्रॉमसह श्लुंबर्जेकडे, आणि 1979 साली झेनिथकडे. इंग्लंडात ग्लॉस्टर येथे तिची शाखा निघाली. मापनयंत्रांच्या जोडीला हौशी रेडिओचालकांची प्रक्षेपकयंत्रे, ध्वनिवर्धक, रंगीत दूरचित्रवाणी, आणि 1977 साली ‘एच-8’ नावाचा संगणकही संचाच्या रूपाने निघाला. स्टीव्ह जॉब्झ यांनीही आपल्या बालपणी जुळविलेल्या हीथच्या संचांविषयी पुढे सांगून ठेविले आहे की, भोवतीच्या वस्तू गूढ नसून माणसांनी घडविलेल्या आहेत, ही जाणीव त्यांना त्या जुळणीतून आली. तथापि ज्या अर्थशास्त्राने हा धंदा उभा केला, त्यानेच तो मोडला. छापील मंडले आली, एकाच लहानशा चकतीत हजारो ट्रान्झिस्टर मावू लागले, यंत्रेच मंडलांत भाग बसवू लागली. मजुरीचा वाटा नाहीसा झाला, आणि संचाची किंमत तयार यंत्राहून अधिक होऊ लागली. 1992 साली कंपनीने संच विकणे थांबविले. बाजाराच्या दृष्टीने हा निकाल अपरिहार्य होता. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र ती मोठी हानी होती, आणि तिची भरपाई झालेली मला दिसत नाही.

आपल्याकडे परकीय चलनाच्या टंचाईमुळे आणि आयात परवान्यांच्या जाबत्यामुळे हीथचे संच क्वचितच आले. परंतु यंत्र विकत घेण्याऐवजी बांधावे, या तत्त्वाचे सर्वांत भव्य उदाहरण मात्र मुंबईतच घडले. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात असा आग्रह धरला की, किरणोत्सार मोजण्याची उपकरणे परदेशांतून मागविण्यापेक्षा येथेच तयार करावीत, मग त्यास अधिक वेळ लागला तरी चालेल. त्याच आग्रहातून टाटा संस्थेत टिफ्रॅक हा संगणक बांधला जाऊन 1960 साली कार्यान्वित झाला, आणि तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात घडलेल्या माणसांच्या बळावर 1967 साली हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभी राहिली. ही संचांची कथा नव्हे हे खरे, कारण तेथे पुस्तिका लिहिणारा कोणी नव्हता. पण मापनयंत्र बांधणाराच मोजण्यास अधिकारी होतो, हा तिचा आशय बेंटन हार्बरच्या कथेहून निराळा नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सुटे भाग निवडून आपला मीटर आपणच बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनी, कोणत्याही कंपनीचे साह्य नसता, तेच कार्य लहान प्रमाणावर केले.

आज तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत उत्तम ऑसिलोस्कोप आहेत, आणि ते बहुधा कपाटात कुलपाखाली आहेत. ज्यांच्या हाती अभ्यासक्रम ठरविण्याचा अधिकार आहे त्यांना माझी विनंती एवढीच आहे: तळहातावर मावणाऱ्या ऑसिलोस्कोपचे संच आता पुस्तकाच्या किमतीत मिळतात, ते पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला द्यावे, त्यासोबत मराठीत लिहिलेली, प्रत्येक वाक्यापुढे रिकामा कंस असलेली एक पुस्तिका द्यावी, आणि स्वतः जुळविलेले यंत्र त्याने प्रथम एका नव्या शुष्क घटाशी जुळवून दाखविल्यावाचून त्याला दुसऱ्या कोणत्याही यंत्राला हात लावू देऊ नये.